उंदरांना पित्ताशय नसतं

मुलुंड पूर्व
१२ जानेवारी २०२५

आक्कांना लताचा जय भीम.

फोन तुम्ही कापलात. नंतर कितीही वेळा लावला तरी उचलत नाही. म्हणून पत्र. पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण लिहिलेला कागद तुम्ही कधी फाडलेला मी पाहिलेला नाही. वाण्याची पुडीसुद्धा सोडून, सरळ करून वाचता.

तुम्ही म्हणालात, "पंचशील घेतलेली बाई तू, आणि उंदीर मारायच्या कागदावर सही करणार? माझा भाऊ भीमा असता तर तुला काय म्हणाला असता?" आणि खट्ट! मला उत्तर द्यायला जागाच ठेवली नाहीत. ते आता देते.

प्राण्यांवर जिथे प्रयोग होतात तिथे एक समिती असावी लागते. तिच्यात बहुतेक माणसं विज्ञानातली, एक प्राण्यांचा डॉक्टर, आणि एक माणूस प्रयोगाशी काही देणंघेणं नसलेला, आपल्यासारखा. तिथे मी. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईला कुणी शोधलं म्हणाल, तर आमच्या सोसायटीतल्या कुत्र्यांनी. त्यांना पकडून न्यायला निघाले होते तेव्हा मी फाटकात आडवी उभी राहिले आणि सगळ्यांना लस टोचून घेतली. त्यातून माझं नाव कुठून कुठे गेलं आणि मरोळच्या ह्या संस्थेकडून विचारणा आली. नाही म्हणणार होते. मग वाटलं, मी नाही म्हटलं म्हणून उंदीर सुटणार आहेत का? त्या खुर्चीत दुसरं कुणी बसेल, आणि ते कागद न वाचता सही करेल.

परवा पहिली बैठक झाली. तेजल नावाची मुलगी पीएचडी करते, तिचा प्रयोग होता. यकृत किती पित्त बनवतं ते मोजायचं. आक्का, आपल्या पोरीला, प्रियंकाला, आठव्या महिन्यात तळपायाला खाज सुटली होती, आठवतं? रात्ररात्र तुम्ही खोबरेल लावून पाय चोळत होतात, आणि ती रडत होती. डॉक्टर म्हणाले होते, गरोदरपणात कधीकधी पित्त अडतं. तसं अडलेलं पित्त मोकळं करणारं एक औषध तेजल तपासते आहे. ते ऐकलं आणि मी पुढे सरकून बसले.

मग मी विचारलं, "पित्त पिशवीतून काढणार का?" प्राण्यांचे डॉक्टर हसायला लागले. म्हणाले, "बाई, ह्या मोठ्या जातीच्या उंदराला, रॅटला, पित्ताशयच नसतं. त्याला पित्त साठवता येत नाही. बनलं की वाहतं. म्हणूनच मोजायला बरं."

मी मनात म्हटलं, आमच्या आक्कांना आहे. चांगलं मोठं आहे. (रागवू नका. म्हणजे आणखी रागवू नका.)

सही केली. पण अट घातली की पहिल्या दिवशी मी समोर बसणार. जे होईल ते बघणार आणि तुम्हाला जसंच्या तसं कळवणार.

डॉक्टरांचं नाव वैती. वर्सोव्याचे कोळी. आणखी विशेष काही नाही.

तुमची
लता


मुलुंड पूर्व
२ फेब्रुवारी

आक्का, जय भीम.

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. तुमच्या शेजारच्या गोदाताईंनी फोनवर सांगितलं की पत्र पोचलं आणि तुम्ही ते दारात बसून वाचलंत. एवढं पुरे.

बघून आले. कबूल केलं होतं तसं सगळं सांगते.

डोक्याला टोपी, अंगात झगा, पायांत पिशव्या. आरशात बघितलं तर पावट्याची शेंग. खोली लहान, स्वच्छ, आणि एसीनं नुसती गारठलेली. उंदीर पांढरा होता. तेजलनं त्याला भूल दिली. मी त्याच्या नाकाकडे बघत होते, मिशा हलायच्या थांबल्या. वैती डॉक्टरांनी त्याच्या पंजाचा चिमटा काढून पाहिला, पाय ओढून घेत नाही ना म्हणून. मग म्हणाले, "आता कर."

पोटावर बारीकशी चीर दिली. यकृतापासून आतड्याकडे एक नळी जाते, शिवायच्या दोऱ्याएवढी. त्या दोऱ्यात तेजल दुसरी, त्याहून बारीक नळी सरकवते. आक्का, ती मुलगी बोलताना एका जागी उभी राहत नाही, दर वाक्याला हात उडवते. पण त्या वेळी तिची बोटं दगडासारखी स्थिर होती. मी श्वास धरून बसले. नळी गेली. बांधली. आणि दुसऱ्या टोकाला, माझ्या डोळ्यांदेखत, एक थेंब आला.

रंग सांगू? आपल्या घाण्यावरच्या करडईच्या तेलाचा. तसाच सोनेरी, उजेड आरपार जाणारा. पित्त म्हटल्यावर मला काहीतरी हिरवं, घाणेरडं वाटलं होतं. इवल्या कुपीत ते गोळा करायचं, थोड्या थोड्या वेळानं कुपी बदलायची, आणि प्रत्येक कुपी वजन करून बघायची. तासाभरात जेमतेम पाव चमचा भरतं. तेवढ्यावरून यकृत कसं चाललंय ते कळतं.

आता जे तुम्हाला आवडणार नाही ते. काम झाल्यावर तो उंदीर उठत नाही. भुलीतच त्याला आणखी औषध देतात आणि तो तसाच जातो. त्याला कळत नाही. पण मला कळलं. मी त्रिशरण मनात म्हटलं आणि बाहेर येऊन जिन्यावर बसले.

वैती डॉक्टर दोन चहा घेऊन आले. शेजारी बसले. मी विचारलं, "तुम्हाला सवय झाली असेल?"

"नाही झाली," ते म्हणाले. "आणि झाली असं म्हणणारा माणूस त्या खोलीत नको. मी तेवढ्यासाठीच तिथे असतो."

मला वाटतं हे तुम्हीही ऐकायला हवं होतं.

ते मला मरोळ नाक्याच्या मेट्रोपर्यंत सोडायला आले. त्यांना तिकडेच जायचं होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली म्हणे, मूलबाळ नाही. बहिणीच्या शेजारी राहतात. चहात आलं फार घालतात.

लता


मुलुंड पूर्व
२३ फेब्रुवारी

आक्का, जय भीम.

आज माझं डोकं ठिकाणावर नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते. तुम्ही बोलत नसलात तरी तुमच्याशी भांडायची सवय आहे, आणि भांडायला कुणीतरी हवं आहे.

तेजलचा प्रयोग फसला. औषध न दिलेल्या, धडधाकट उंदरांचंसुद्धा पित्त हळूहळू कमी होत गेलं. निरोगी आणि आजारी ह्यांच्यात फरकच दिसेना. शुक्रवारी बैठकीत तिनं अर्ज दिला, पहिल्याइतकेच उंदीर आणखी पाहिजेत. अध्यक्ष म्हणाले, होतं असं, देऊन टाकू. कागद फिरत फिरत माझ्यापाशी आला.

मी विचारलं, "पहिल्या वेळी का फसलं?"

तेजल म्हणाली, "मॅडम, कधीकधी नाही जमत."

"पण का नाही जमलं?"

"अजून नक्की नाही माहीत."

"मग दुसऱ्या वेळीही तसंच झालं तर?"

मी पेन खाली ठेवलं. कारण कळेपर्यंत मी हो म्हणणार नाही, असं सांगितलं. आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, वैती डॉक्टर माझ्या विरुद्ध बोलले! म्हणाले, मुलगी प्रामाणिक आहे, तिला आणखी एक संधी द्यावी. मी म्हटलं, मुलगी प्रामाणिक आहे ह्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, उंदरांनाही तिच्याबद्दल तक्रार नसेल, पण ते मेले ते कशासाठी मेले हे कुणीतरी सांगा. शेवटी निर्णय लांबला.

बाहेर तेजलनं मला गाठलं. डोळे लाल. "मॅडम, तुम्हाला काय माहितीये? दोन वर्षं घातलीत मी ह्याच्यात. तुम्ही महिन्यातून एकदा येता, चहा पिता, नाही म्हणता आणि जाता. माझी वाट लागली यार!" मग मला यार म्हटल्याचं तिच्याच लक्षात आलं आणि ती आणखीच रडायला लागली.

मी तिला जवळ घ्यायला गेले. ती निघून गेली.

मेट्रोपर्यंत डॉक्टर बरोबर होते. मी दोन पावलं पुढेच चालत होते. जिन्यापाशी थांबून ते म्हणाले, "बाई, तुमचा निर्णय मला पटला नाही. पण प्रश्न बरोबर होता. तो मी विचारायला हवा होता." आणि हातात एक पुडी दिली. घरी येऊन उघडली तर सोडे. सुकवलेली कोलंबी, आक्का! भांडणाच्या दिवशी कुणी सोडे देतं का?

वांग्यात घातले. छान झाले. राग मात्र अजून गेलेला नाही.

त्या मुलीचं काही बरंवाईट होऊ नये एवढंच वाटतंय. वर्गात एखाद्या पोराला नापास करून घरी आले की मला जेवण जात नसे. भीमराव म्हणायचे, "मार्क तू देत नाहीस लता, तो मिळवतो." आज ते म्हणायला घरात कुणी नव्हतं.

लता


मुलुंड पूर्व
१६ मार्च

आक्का! जय भीम, जय भीम, जय भीम!

सापडलं! उंदीर थंड पडत होते!

थांबा, नीट सांगते. मंगळवारी सकाळी मी भाजी निवडत होते, तेजलचा फोन. आधी नुसतं "मॅडम, मॅडम, मॅडम." मला वाटलं, काही झालं की काय. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही 'का' विचारलंत ना, ते 'का' सापडलं!"

झालं असं. ती रुसून घरी बसली होती. बसल्या बसल्या तिच्या डोक्यात आलं की एकच दिवस असा होता की पित्त झकास वाहत होतं. कुठला? तर खोलीतला एसी बिघडला होता तो. सगळे घामाघूम, ती चिडचिड करत होती, आणि उंदीर मात्र मजेत. भूल दिलेल्या जिवाचं अंग आपोआप गार पडत जातं, आणि अंग गार पडलं की यकृतही मंदावतं. म्हणून त्यांच्याखाली गरम गादी ठेवतात. तेजल त्या गादीचं तापमान रोज बघत होती, ते बरोबरच होतं. पण गादीवर कागदाच्या जाड घड्या, वरून एसीचा झोत. गादी गरम आणि उंदीर गार! तिनं डॉक्टरांना उठवून आणलं, दोघांनी गादीवर घड्या घालून, वर कोमट पाण्याची पिशवी ठेवून, झोताखाली किती वेळात ती गार होते ते पाहिलं. पाहता पाहता झाली.

आता ती उंदराच्या अंगातलंच तापमान मोजणार आहे आणि वरून दिवा लावणार आहे. आणि आणखी एक. पूर्वी एक गट औषधाचा, एक बिनऔषधाचा, अशी तुलना होती. आता प्रत्येक उंदराचं आधी औषधाशिवाय मोजायचं, मग त्याचंच औषध दिल्यावर. म्हणजे उंदीर निम्म्याहून कमी लागतात. ही कल्पना तिचीच. बैठकीत तिनं मांडली, आणि मी सही करायला पेन शोधत होते तर तिनंच स्वतःचं काढून दिलं. जाताना म्हणाली, "मॅडम, त्या दिवशीचं सॉरी." मी म्हटलं, "कुठला दिवस?" तिनं मिठीच मारली. तिच्या डोक्याला उंदरांच्या भुशाचा वास येतो.

त्या दिवशी घरी यायला मला उशीर झाला. मेट्रोत बोलता बोलता चुकून उलट्या गाडीत बसले आणि घाटकोपरऐवजी वर्सोव्याला पोचले. पोचलेच होते म्हणून डॉक्टरांच्या बहिणीकडे गेले, कमळताई. त्या मासे विकतात. सकाळी बंदरावर जातात, दुपारी बाजारात बसतात. मला दारातच हाताला धरलं, "ये गो बय, बस. जेवूनशी जा." कालवण असं होतं आक्का, की मी तिसऱ्यांदा भात मागून घेतला. मी! कमळताई भावाकडे बघून म्हणाल्या, "चंदर, ही तुझी समितीची बाई लय कडक हाय म्हणत होतास ना? ही तर जेवते!"

डॉक्टर ताटात बघत होते. कानापर्यंत लाल झाले होते.

बाकी सगळं ठीक. उन्हाळा लागलाय. एक साडी घेतली, मोतिया रंगाची. काही कारण नाही, दुकानात स्वस्त लावली होती.

लता


मुलुंड पूर्व
६ एप्रिल

आक्का, जय भीम.

काल निकाल लागला. पास!

तेजलनं मला मुद्दाम बोलावलं होतं. खोली या वेळी उबदार, वर दिवा, आणि उंदराच्या अंगाखाली एकच पातळ फडकं. पहिली कुपी, दुसरी कुपी, तिसरी, सगळ्या सारख्या. पित्त न घटता वाहत होतं. ह्या उंदरांचं पित्त आधी अडवलेलं, म्हणून थेंब सावकाश पडत होते, पण एका चालीनं. मग तिनं औषध दिलं. आम्ही बसलो. नळीच्या टोकाकडे सगळ्यांचे डोळे.

थेंब. थेंब. मग वाटलं की जरा लवकर पडला. मला वाटलं, मला भास होतोय. मी डॉक्टरांकडे पाहिलं, ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी मान हलवली. होय. लवकर पडतायत. तेजलनं कुपी वजनकाट्यावर ठेवली, आकडा बघितला, परत ठेवली, परत बघितला. हातात हातमोजे, टाळी वाजवता येईना, म्हणून ती दोन्ही पायांनी जमिनीवर थयथय नाचायला लागली! आवाज न करता! तोंडावर पट्टी, डोळ्यांतून पाणी, आणि खाली पाय चाललेत. डॉक्टर म्हणाले, "तेजल, उंदीर." ती लगेच थांबली. पण पायाचा अंगठा हलतच होता.

लगेच औषध दुकानात येईल असं समजू नका. अजून पुष्कळ वर्षं, पुष्कळ परीक्षा. पण कुण्या प्रियंकाचे पाय कुण्या आक्काला रात्रभर चोळावे लागू नयेत, त्या दिशेनं एक पाऊल पडलं. आणि पहिल्या वेळी गेले ते जीव अगदीच फुकट गेले नाहीत. त्यांनीच चूक दाखवली. काम संपल्यावर आम्ही तिघांनी उंदरासमोर हात जोडले. हे कुणी ठरवलं नव्हतं. आपोआप झालं.

नंतर नाक्यावर मिसळ खाल्ली. तेजलनं तीन पाव जास्तीचे मागवले. मी हसून हसून ठसकले, डॉक्टर पाणी आणायला धावले, आणि तेजल माझ्याकडे आणि त्यांच्याकडे बघून म्हणाली, "ओह." एवढंच. पोरींना काय, कशालाही ओह म्हणतात.

प्रियंका कालच येऊन गेली. तिच्याशी बोलले. तुमच्याशीही बोलायचं आहे, पण कागदावर कसं लिहायचं ते कळत नाही. तुम्ही फोन उचललात तर बरं होईल.

लता


मुलुंड पूर्व
२० एप्रिल

आक्का,

फोन नाही उचललात. मग कागदावरच.

गेल्या आठवड्यात मी मरोळला गेले तर तेजलनं सांगितलं, चंदर डॉक्टरांनी समितीचा राजीनामा लिहिलाय. वाटलं, माझ्यामुळे. बैठकीत मी काही बोलले का, मन दुखावलं का. तशीच त्यांच्या खोलीत गेले. ते टेबलाचे खण आवरत होते.

मी म्हटलं, "हे काय ऐकते मी? का?"

ते म्हणाले, "एका घरातली दोन माणसं एका समितीत बरी नाहीत. उद्या कुणी बोट दाखवेल."

"कुणाच्या घरातली दोन माणसं?"

त्यांनी खण बंद केला. परत उघडला. म्हणाले, "तेच विचारायचं होतं. पण क्रम चुकला."

आक्का, मी चौसष्ट वर्षांची बाई. आयुष्यभर पोरांना वाक्याचा क्रम शिकवला. आणि त्या वेळी माझ्या तोंडून कर्ता-कर्म-क्रियापद काही फुटेना. मी नुसती मान हलवली. मग खुर्चीत बसले. मग दोघंही हसायला लागलो, आणि थांबताच येईना. बाहेरून कुणी डोकावून गेलं.

राजीनाम्यावरून मात्र आम्ही आठवडाभर भांडलो. मी म्हणत होते, उंदरांना डॉक्टर हवा, मी सोडते. ते म्हणाले, त्यांनी शिकवून तयार केलेली मुलगी आहे, ती त्यांच्याहून हलक्या हाताची आहे. "डॉक्टर मिळेल लता. पेन खाली ठेवणारी बाई मिळायची नाही." शेवटी त्यांनीच सोडलं. मी अजून आहे.

रजिस्ट्रारकडे नोटीस दिली आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सह्या. मग आमच्या इथल्या विहारात वंदना, आणि कमळताईंकडे जेवण. त्यांनी मला आधीच सांगून टाकलंय की माझा धर्म मी सोडायचा नाही आणि त्यांचं कालवण कुणी सोडायचं नाही, एवढ्या दोनच अटी.

भीमरावांचा फोटो भिंतीवर आहे तिथेच राहणार. चंदर परवा घरी आले होते. आत आले तसे आधी फोटोसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "नमस्कार, मी चंदर." एखाद्याच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर घरच्या माणसाला सांगावं तसं. मला रडू आलं. पण ते दुःखाचं नव्हतं. दुःखाचं रडू मला आता ओळखता येतं.

तुम्ही भीमरावांच्या बहीण नाही, आई आहात. त्यांना कडेवर घेऊन तुम्ही रानात मजुरीला जात होतात हे त्यांनी मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. म्हणून हे तुम्हाला मीच सांगायला हवं. मी परवानगी मागत नाहीये आक्का. ह्या वयात मागितली तर तुम्हीच हसाल. पण सासरचं माझं जे काही उरलंय ते तुम्ही आहात. तुम्ही नसलात तर लग्न होईल, जेवण होईल, सगळे हसतील, आणि मी दरवाजाकडे बघत राहीन.

या.

तुमची
लता


पाडळी
३० एप्रिल

लते, जय भीम.

माझं अक्षर वाकडंय, संभाळून वाच. चवथीपर्यंतच शिकले, पन लिवायचं सोडलं न्हाई.

तुझी समदी पत्रं पोचली. दोन-दोनदा वाचली. गोदाला वाचून दावली न्हाईत, ती गावभर करते.

आधी उंदराचं. मला पटलेलं न्हाई. जीव तो जीव. तू कितीबी करडईचं त्याल सांग, मला तो पांढरा उंदीर डोळ्याम्होरं दिसतो. पन येक सांगते. तू पेन खाली ठिवलंस, त्या दिवशी मला बरं वाटलं. त्या खुर्चीत तूच बस. दुसरी कुनी बसू नगं. आनि प्रियंकाचं पाय मला आठवत्यात. ती पोर कशी कळवळायची. त्या तेजलला माझा आशीर्वाद सांग. तिला म्हनावं खात जा, लय वाळली असंल.

आता डॉक्टरचं. तुला काय वाटलं, म्हातारीला कळत न्हाई? पयल्या पत्रात 'विशेष काही नाही' लिवलंस तवाच मी म्हनलं, हां. विशेष नसतं तर लिवलंच नसतंस. येवढी शिकलेली बाई, रोजच्या वाटंवर उलट्या गाडीत कशी बसंल गं? मी फोन उचलत न्हवते, त्यातलं थोडं उंदरापायी हुतं. निम्मं ह्यापायी, की फोन उचलला आसता तर तू पत्र लिवलं नसतंस. आनि मला पुढं काय हुतंय ते वाचायचं हुतं.

भीमा गेला तवा मी तुझ्याकडं चार दिस राह्यले आनि माघारी आले. फोनवर तुझी तब्येत इचारायची, पोरीची इचारायची. पन संध्याकाळी येकटी काय खातीस, कुनाशी बोलतीस, ते कवा इचारलं न्हाई. इचारलं आसतं तर तू सांगितलं आसतंस, आनि मग मला रातभर झोप लागली नसती. म्हनून न्हाई इचारलं. आता कुनीतरी इचारनार हाय. मला बरं वाटतंय लते. लय बरं वाटतंय. मी रडले न्हाई. कांदा चिरत हुते.

पौर्णिमेला हितं विहारात माझं काम आसतं, खीर माझ्याकडं आसती. ती झाली की दुसऱ्या दिसाला सकाळची येसटी धरते. लगीन हुईस्तवर राहीन. लुगडं मी माझं आनते, माझ्यासाठी काई घ्यू नगंस. मासं मी खात न्हाई, पन त्या कमळबाईला म्हनावं भात चालंल, आनि तिच्याशी बसून बोलायला लय आवडंल.

आनि येक. मुलुंडच्या चेकनाक्यावर मला उतरवून घ्यायला तू यू नगंस. प्रियंकालाबी धाडू नगंस. त्याला येकट्याला पाठव. येसटीचा काई नेम न्हाई, तास-दोन तास उशीर हुतो. मानूस वाट कशी बघतो, ते मला वरनं खिडकीतनं बघायचंय.

तुझी
सुंदरा